काना

साकोलीहून एसटीच्या बॉनेटवर गुंडाळून आला फ्लेक्स.
उलगडला तर लिहिलेलं :
‘अंतरविद्याशाखीय विद्यार्थी संशोधन परिषद’.
एक काना गळाला होता.
मराठीची प्रणोती म्हणाली, आता याचा अर्थ
शाखाशाखांमधलं अंतर, असाच होतो.
तसं ते खोटंही नव्हतं.
मराठी विभागाचा जिना कुठून चढतो
हे भौतिकच्या पोरांना परवाच कळलं, खुर्च्या वाहताना.

रात्री साडेनऊला साकोलीत कोण दुकान उघडणार?
हितेंद्र स्टुलावर चढला,
वायरिंगची काळी टेप दातांनी तोडली
आणि अ-शेजारी उभी केली एक पट्टी.
जराशी तिरपी.
मी वहीत लिहिलं : टेप, दहा रुपये.
मी कॉमर्सची. हिशेब माझ्याकडे
आणि घंटाही.

घंटा म्हणजे होस्टेलातली स्टीलची थाळी.
आठव्या मिनिटाला एक ठोका, दहाव्याला दोन,
मग कुणीही असो, थांबायचं.
हे आम्हीच ठरवलेलं, सरांनी नाही.
सर मागच्या रांगेत बसलेले,
आपल्याच घरी पाहुणे आल्यासारखे.

पहिल्याच पेपरला लाइट गेली.
अनमोलने तलावाची खोली मोजली होती, दोरीला दगड बांधून.
कुणीतरी उठलं : दोरी कशाची होती?
भिजल्यावर ताणली असेल, ते वजा केलंस?
त्याचे कान लाल झाले. त्याने ते लिहून घेतलं.
स्वप्नशीलने तर मोजली होती
झाडीपट्टीच्या नाटकात कितव्या अंकाला
किती माणसं पेंगतात.
तक्त्यात त्याचे मामाही होते, नावानिशी.

मग दिपाली वलथरे, प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष.
डावीकडे माशांची शास्त्रीय नावं,
उजवीकडे तिच्या आजोळच्या ढिवरांची.
उजवी यादी पानाखाली जात होती.
तिकडे एकच नाव, इकडे तीन :
पिल्लू असताना वेगळं, अंडी धरल्यावर वेगळं,
पाणी आटून चिखलात दडल्यावर आणखी वेगळं.
डाडक, मरळ, शिंगूर, वाडीस...
चौदाव्या नावाच्या अर्ध्यात काटा दहावर आला.
मी दोनदा वाजवली.
ती तिथेच थांबली, तोंड उघडं ठेवून.

दारातून आवाज आला,
‘थो नाव नोहो, बाई.
पान्यात हाय तवरीच डाडक.
चिखलात गेला का मंग...’
आणि जो शब्द तो बोलला
तो आमच्यातल्या कुणालाच लिहिता येईना.
प्रणोतीने फळ्यावर तीनदा लिहून पाहिला,
काना देऊन, काना काढून, पाय मोडून.
त्याने तिन्हीवेळा मान हलवली
आणि पुन्हा बोलून दाखवला, सावकाश,
चहाचा ट्रे तसाच हातात धरून.

अध्यक्षपदी बीएची वैदेही. ती नियमाला धरून म्हणाली,
प्रश्न विचारणाऱ्याने आधी नाव आणि विभाग सांगावा.
तो गोंधळला.
‘सोमाजी चाचेरे. मी?
मी पानी भरतो.’
कुणी हसलं नाही. एकजण हसला.
इतिवृत्तात मी लिहिलं :
चर्चेत सहभाग, श्री. सोमाजी चाचेरे, विभाग पाणी.
सरांनी सही करताना ती ओळ दोनदा वाचली,
खोडली नाही.

संध्याकाळी मोबाइलशी लावून पाहिलं
तर सभागृहातलं घड्याळ दोन मिनिटं पुढे.
म्हणजे जेवणानंतर रडत बाहेर गेलेला
तो रसायनचा मुलगा? नाही, त्याचं कारण वेगळं होतं.
घड्याळ पुढे असलं तरी दहा मिनिटं दहाच भरतात,
हे मला रात्री अंथरुणावर सुचलं.
तोवर मी दिपालीची माफी मागून आले होते,
आणि तीही म्हणाली होती, असू दे,
उरलेली नावं मलाही नीट येत नव्हती.

फ्लेक्सची घडी घालताना हितेंद्र म्हणाला,
पट्टी काढू नका,
पुढच्या वर्षी फक्त तारीख झाकायची.
रीळ अजून अर्धं आहे.